दोन विणकरांचे कान

आमच्या घरात कुणीच हळू बोलत नाही. डिंडोलीच्या आमच्या गल्लीत नवे भाडेकरू आले की पहिले काही दिवस त्यांना वाटतं, या घरात रोज भांडणं होतात. मग शेजारची मावशी त्यांना सांगते, भांडण नाही हो, काका लूममध्ये होते. एवढं सांगितलं की पुरतं. सुरतच्या आमच्या भागात असा एखादा काका जवळपास प्रत्येक घरात असतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, पारोळ्याजवळच्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी सुरतला आले आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी यंत्रमागावर काढली. पत्र्याच्या एका शेडमध्ये शंभरेक माग एकदम चालतात, तेव्हा तो आवाज कानाने ऐकायचा राहत नाही, छातीत वाजायला लागतो. तिथे ओरडून उपयोग नसतो. म्हणून ती माणसं समोरासमोर उभी राहतात, तोंड मोठं उघडून शब्द ओठांवर घडवतात आणि त्याला हाताची जोड देतात. आवाज काढतच नाहीत. दोन रांगा सोडून उभ्या असलेल्या माणसाशी आप्पा अशा निवांत गप्पा मारायचे.

घरी आल्यावरही ते आमच्या ओठांकडेच बघायचे. माय स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून काही बोलली तर ते त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. मग ती वळून तेच ओरडून सांगायची. मला काही सांगायचं असलं की मी आधी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारायची, त्यांनी मान वर केली की बोलायला सुरुवात करायची. आम्हाला यात काही वेगळं वाटलं नाही. उलट त्याची गंमतच होती. लग्नात मांडवाच्या पार त्या टोकाला बसलेली माणसं काय बोलतात ते आप्पा इकडे जेवता जेवता आम्हाला सांगत. "त्या पिवळ्या फेट्यावाल्याला जिलेबी आवडली नाही. बायकोला म्हणतोय, घरी जाऊन भाकरी टाक." कानाचा विषय कुणी काढलाच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "माले समदं आयकू येस."

मी नर्सिंग सुरतलाच केलं, काही वर्षं इथल्या दवाखान्यांत काढली, आणि मग परीक्षा देऊन इंग्लंडला गेले. उत्तरेकडच्या एका लहान गावात सरकारी रुग्णालय होतं, तिथे म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात मला नोकरी लागली.

परीक्षेसाठी मी जे इंग्रजी शिकले होते ते त्या वॉर्डात कुणी बोलत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा संध्याकाळी मला म्हणाले, "मला माझा टी मिळालेला नाही." मी त्यांना चहा करून दिला. त्यांनी तो पिऊन टाकला आणि पुन्हा तेच म्हणाले. मी दुसरा कप दिला. तिसरा कप घेऊन गेले तेव्हा शेजारच्या खाटेवरचा माणूस हसून हसून खोकायला लागला. तिथे संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्या आजोबांनी मात्र तिसरा कपही घेतला. मला वाईट वाटू नये म्हणून घेतला असावा.

हळूहळू मी रुळले. तिकडच्या बायका ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, आपल्याकडे गुजराती बायका 'बेन' म्हणतात तसं. कुणाला अंघोळ घालायची, कुणाला चार पावलं चालवायचं, कुणाची कवळी नाश्त्याच्या ताटातून धुवायला गेली ती शोधून आणायची, यात दिवस जायचा. म्हाताऱ्या माणसाची पाठ पुसताना ती इथली काय आणि तिथली काय, सारखीच असते. पाणी कोमट लागलं की खांदे सैल पडतात.

मला तिथे वर्ष होत आलं होतं तेव्हा ती आजी आली. वय नव्वदीच्या घरातलं. अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं होतं, पण तिच्या कागदांवर 'गोंधळलेली' असं लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे कोणतं साल आहे, तर ती म्हणाली, लोणी नको, नुसता टोस्ट चालेल. आपण कुठे आहोत विचारलं तर म्हणाली, दोन मुलगे, एक वारला. मधूनच ती खूप मोठ्याने बोलायची. बाकीच्या बाया वैतागायच्या. ऐकू येत नाही हे कागदावर होतं, पण तिची कानाची मशीनं पडताना किंवा नंतरच्या धावपळीत कुठेतरी हरवली होती. कुणीतरी लिहून दाखवायचा प्रयत्न केला होता, तर जवळचं वाचायचा चष्मा घरी राहिलेला. दूरचं तिला चांगलं दिसायचं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की कान गेले आहेत आणि डोकंही जरा गेलं आहे. मीसुद्धा तेच धरून चालले होते.

त्या दिवसांत वॉर्डात खोकल्याची साथ होती, त्यामुळे आम्ही सगळे मास्क लावून काम करत होतो. चौथ्या दिवशी दुपारी मी आजीची चादर बदलत होते. खोलीला व्हरांड्याच्या बाजूने काचेचा मोठा दरवाजा होता. त्यापलीकडे जेवणाची गाडी ढकलणारी बाई उभी होती. तिने मास्क हनुवटीवर ओढून आपल्या जोडीदारणीला काहीतरी विचारलं. काच बंद होती, मला अक्षर ऐकू आलं नाही. आणि आजी खाटेवरून, काचेपलीकडेही ऐकू जाईल अशा तिच्या मोठ्या आवाजात तिला म्हणाली, "खालच्या कप्प्यात आहे दूध. मघाशी तूच ठेवलंस."

गाडीवालीने वाकून पाहिलं. दूध तिथेच होतं.

माझ्या हातात चादरीचं टोक तसंच राहिलं. पिवळ्या फेट्यावाल्याची जिलेबी मला आठवली. मी बाहेर गेले, काचेच्या दरवाजासमोर उभी राहिले, मास्क खाली केला आणि घरी आप्पांशी बोलते तसं, तोंड मोठं उघडून, आवाज न काढता विचारलं, "दुखतंय का?" आणि खुब्यावर हात ठेवला.

आजीने माझ्याकडे नीट पाहिलं. चार दिवसांत तिने पहिल्यांदाच कुणाकडे तसं पाहिलं असेल.

"दुखतंय," ती म्हणाली. "रोज सांगते. तुम्ही सगळे तोंडं बांधून येता आणि मला काहीतरी विचारता. मी अंदाजाने उत्तर देते. चुकलं की तुम्ही एकमेकांकडे बघता."

मी काचेपलीकडूनच विचारलं, "हे कोणतं साल?" तिने बरोबर सांगितलं. "आपण कुठे आहोत?" तिने रुग्णालयाचं नाव सांगितलं, आणि ते जुन्या इमारतीत होतं तेव्हा इथलं जेवण बरं असायचं, हेही सांगितलं. शेवटी मी विचारलं, "तुम्ही गिरणीत होता?"

"पंधराव्या वर्षापासून. विणकाम खात्यात. तुला कसं कळलं?"

"माझे वडील," मी म्हणाले.

वॉर्डची मुख्य सिस्टर कडक होती, पण चूक दिसली की ती लपवत नसे. मी तिला बोलावून आणलं. ती काचेपलीकडे उभी राहिली, मी सांगितलं तसं सावकाश तोंड उघडून दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि आपल्या खोलीत जाऊन फोन फिरवायला लागली. संध्याकाळपर्यंत दुखण्याचं औषध बदललं. दोन दिवसांनी तोंडापुढे पारदर्शक खिडकी असलेल्या मास्कचा एक खोका आला. तोवर मी आजीच्या खाटेमागे एक कागद लावला होता, 'यांना ऐकू येत नाही. डोकं शाबूत आहे. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं बोला.' आजीने तो मला मोठ्या अक्षरात लिहून दाखवायला लावला आणि मधलं वाक्य खोडायला सांगितलं. "ते त्यांचं त्यांना कळू दे," ती म्हणाली.

त्यानंतर माझी पाळी असली की आमच्या गप्पा व्हायच्या. तिच्या काळात त्या गावात कापसाच्या गिरण्याच गिरण्या होत्या. पोरी एका ओळीत उभ्या राहून ओठांनीच गावभरच्या बातम्या सांगत, आणि मुकादम मागे येऊन उभा राहिला तरी त्याला कळत नसे. मी तिला म्हटलं, आमच्या सुरतला अजून तसंच आहे, फक्त आमच्याकडे कापूस नाही, साड्यांचं पॉलिएस्टर कापड. तिला ते पटेना. सगळ्या गिरण्या बंद झाल्या आणि माग भंगारात गेले असंच तिच्या डोक्यात होतं. ते काम उठून कुठेतरी दुसरीकडे गेलं असेल याचा तिने विचारच केला नव्हता.

एका रविवारी दुपारी माझी सुट्टीची वेळ झाली तेव्हा मी सिस्टरला विचारून आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. सुरतला संध्याकाळ झाली होती. आप्पा दारापुढच्या ओट्यावर बसले होते, मागे माय मेथी निवडत होती. मी आप्पांना ओठांनी सांगितलं की ही बाईही मागावर होती, आणि फोन आजीच्या हातात दिला.

त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मला वाटलं होतं, हात जोडतील, हसतील आणि संपेल. पण आजीने एक हात उचलून चार बोटं दाखवली आणि मग बोटांनी मागात धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा दाखवला. म्हणजे मी चार माग सांभाळायची. आप्पांनी चार बोटं दोनदा दाखवली. आजीने माझ्याकडे पाहिलं. "आठ? एकटा?" मी मान डोलावली. तिने आप्पांकडे बघून डोकं हलवलं. त्यात कौतुक होतं की कीव, मला सांगता येणार नाही.

मग तिने फोन माझ्या हातात देऊन पांघरुणाच्या कडेचा एक दोरा ओढून काढला. तिची बोटं सांध्यांत वाकडी झाली होती, पेला धरतानाही तो दोन्ही हातांनी धरायची. त्याच बोटांनी तिने मागावर तुटलेली तार, म्हणजे धागा, जोडायची गाठ मारली. मी बघत होते तरी ती कधी मारली ते मला दिसलं नाही. आप्पांनी फोन मायकडे दिला, आत जाऊन शिवणाच्या डब्यातला दोरा आणला आणि तीच गाठ मारून कॅमेऱ्यासमोर धरली. "तीच शे," ते म्हणाले. मग आजीने ओठांचा चंबू करून आत श्वास ओढला. नवी बॉबिन भरली की धोट्याच्या भोकातून तार अशी तोंडाने ओढून घ्यावी लागते. हे मला माहीत होतं, कारण आप्पांचा पुढचा दात त्यापायीच खराब झाला असं माय नेहमी म्हणायची. आप्पांनी ओठ वर करून तो दात दाखवला. आजीने आपली कवळी काढून दाखवली. माय मागून म्हणाली, "हाई काय चाललंय?"

फोन ठेवल्यावर आजीने तो दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "तुझ्या वडिलांचे कान कुणी तपासलेत?"

"नाही. ते म्हणतात ऐकू येतं."

"मीही तेच म्हणायची."

मी तिची उशी सारखी करत होते. ती मला थांबवून बोलायला लागली. तिचा नवरा पोस्टात होता. बोलायचा हळू. ती त्याचे ओठ वाचायची, त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं. तो म्हणायचा, मशीन लावून घे, आणि ती म्हणायची, मला गरज नाही. तो गेल्यावर दोन वर्षांनी मुलाने बळेच नेलं तेव्हा कानाला मशीन लागलं. "घरी आले तर फ्रीजचा आवाज," ती म्हणाली. "पाखरांचा आवाज. रस्त्यावरून कुणी गेलं तर त्याचा. सगळं ऐकू आलं. त्याचा आवाज कसा होता ते मात्र मला आता सांगता येत नाही. ओठ आठवतात."

मी नर्स आहे. रोज चार माणसांच्या कानांची नोंद करते, मशीनच्या बॅटऱ्या बदलते, कुणी 'काय?' म्हणून दोनदा विचारलं तर डॉक्टरांच्या नजरेस आणते. आणि घरी माझ्या लहानपणापासून एक माणूस माझ्या ओठांकडे बघत होता, तो मला नुसता आप्पांचा स्वभाव वाटला होता.

आजी पुढे महिनाभर राहिली. वॉकर धरून दरवाजापर्यंत, मग जिन्याच्या चार पायऱ्या, असं करत ती घरी जाण्याजोगी झाली. मुलाने नवी मशीनं आणून दिली होती. जाताना माझे गाल दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, "तुझा आवाज मी समजत होते त्यापेक्षा जाड आहे." त्यानंतर ती पुन्हा आमच्या वॉर्डात आली नाही, आणि त्या वॉर्डात न येणं ही चांगलीच गोष्ट असते.

दिवाळीनंतर मला महिन्याची रजा मिळाली. सुरतला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी कानाचा विषय काढला. आप्पांनी ठरलेलं उत्तर दिलं. मग मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली, फ्रीजपासून शेवटपर्यंत. त्यांनी सगळी पाहिली, म्हणजे माझ्या ओठांवर वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर येऊन बसले.

सरकारी दवाखान्यात कान तपासायची काचेची लहानशी खोली होती. तपासणारी मुलगी गुजराती होती, पंचविशीची. तिने आप्पांना आत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की दाबायचं बटण हातात देऊन सांगितलं, "काका, अवाज संभळाय एटले बटन दबावजो." आप्पांनी मान डोलावली. तपासणी सुरू झाली. आप्पा भराभर बटण दाबत होते. मुलगी चकित झाली. एवढी वर्षं लूममध्ये काढलेल्या माणसाचे कान इतके चांगले कसे?

मी काचेतून आप्पांकडे बघत होते. ते तिच्या हाताकडे बघत होते. ती मशीनची कळ दाबायला बोट खाली न्यायची आणि ते बटण दाबायचे.

"बेन, यांची खुर्ची फिरवा," मी म्हणाले.

खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर आप्पा खूप वेळ बटण हातात धरून स्वस्थ बसले. मधूनच एकदा दाबायचे. त्यांची पाठ मला दिसत होती. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. मी हजार माणसांच्या पाठी पुसल्या असतील, पण त्या पाठीकडे मला नीट बघवेना.

बाहेर आल्यावर तपासणाऱ्या मुलीने कागदावरची खाली घसरत गेलेली रेघ दाखवली. आप्पांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "हाई रेघ मनी शे?" मी हो म्हटलं. "चांगलीच खाले गयी," ते म्हणाले. रागावले नाहीत. काही दिवसांनी दोन्ही कानांना मशीनं लागली.

घरी आल्यावर ते पहिल्यांदा कुकरच्या शिटीला दचकले. मग मायच्या बांगड्यांकडे बघत बसले. ती भांडी घासत होती आणि पाठमोरी होती, तरी ते तिच्याकडे बघत होते. थोड्या वेळाने माय वळून नेहमीसारखी ओरडली, "चहा ठेवू का?" आप्पांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

मायला हळू बोलता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना त्या आठवड्यात कळलं. तिने प्रयत्न केला. दोन वाक्यं हळू बोलायची, तिसऱ्याला आवाज आपोआप चढायचा. शिवाय तिची वेगळीच तक्रार होती. इतकी वर्षं ती ओट्याकडे तोंड करून आप्पांबद्दल जे वाटेल ते बोलून घ्यायची. शेजारच्या मावशीला ती म्हणाली, "आते यास्नासमोर काही बोलानी सोय नही ऱ्हायनी." आतल्या खोलीतून आप्पा म्हणाले, "आयकू उनं माले." मावशी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

ते मशीन दिवसभर लावत नाहीत. टीव्हीवर मालिका लागली की काढून डबीत ठेवतात. बाजारात जाताना लावत नाहीत. गर्दीत त्रास होतो, आणि मला माहीत आहे की ओठ वाचण्याची गंमतही त्यांना सोडवत नाही.

माझी रजा संपायला दोन दिवस होते. सकाळी मी आणि आप्पा दारापुढच्या ओट्यावर बसलो होतो. माय दळण आणायला गेली होती. मी बॅगेला लावायची चिठ्ठी लिहीत होते, त्यामुळे माझी मान खाली होती. आप्पांनी मला विचारलं, "तुले तठे एकलं वाटस का?"

त्यांनी ते हळू विचारलं होतं. मी मान वर केली नाही. लहानपणापासून आमच्यात जे काही बोलणं झालं ते सगळं गल्लीला ऐकू जाईल असं झालं होतं. पास झाले, ताप आला, नोकरी लागली, पोचले. ओरडून सांगता येईल तेवढंच मी त्यांना आजवर सांगत आले होते.

"वाटतं," मी चिठ्ठीकडे बघतच म्हणाले. "कधी कधी. रविवारी जास्त."

मग मी त्यांना बरंच काही सांगितलं. खोलीतल्या हीटरबद्दल, कामावरून परतताना वाटेत लागणाऱ्या बंद गिरणीबद्दल, पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडायचा तेव्हा मी खिडकीशी उभी राहून रडायचे त्याबद्दल. माझा आवाज मलाच ऐकू येईल न येईल इतका होता. त्यांनी मध्ये एकदाही 'काय?' म्हटलं नाही.

माय गल्लीच्या तोंडाशी दिसली. आप्पांनी उठून तिच्या हातातला डबा घेतला आणि आत जाताना म्हणाले, "मंग रविवारले फोन करत जाय. मी कानले मशीन लाईसन बसत जासू."